गाठीची सोनोग्राफी: नाव कधी द्यायचं आणि कधी राखून ठेवायचं

मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये नव्याने काम सुरू केलेल्या रेडिओलॉजिस्टचा प्रश्न आहे. हातापायांवरच्या, पाठीवरच्या, खांद्यावरच्या गाठी रोज सोनोग्राफीला येतात. सर्जनला रिपोर्टमध्ये एक नाव हवं असतं आणि पेशंटला 'साधीच आहे ना?' याचं उत्तर. मग कोणती गाठ सोनोग्राफीवरच निकालात काढावी आणि कोणती एमआरआय, बायॉप्सीसाठी पुढे पाठवावी?

आधी थोडक्यात सांगतो. काही गाठींच्या खुणा इतक्या ठराविक असतात की त्या सगळ्या जुळल्या तर नाव ठामपणे लिहावं आणि एमआरआयचा खर्च वाचवावा. त्वचेखालचा लायपोमा (चरबीची गाठ), गँगलियन (सांध्याजवळची किंवा कंडऱ्याजवळची दाट द्रवाची पिशवी), एपिडर्मल सिस्ट (त्वचेला चिकटलेली पिशवी), बेकर्स सिस्ट (गुडघ्यामागची द्रवाची पिशवी), नॉर्मल लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) या त्यातल्या मुख्य. एखादी खूण जुळली नाही, तर मात्र 'स्वरूप अनिश्चित' असं सरळ लिहावं. 'बहुधा लायपोमा' हा शब्दप्रयोग टाळाच. वाचणारा 'बहुधा' विसरतो, 'लायपोमा' लक्षात ठेवतो, आणि आठवडाभरात ती गाठ लोकल अ‍ॅनेस्थेशियात आडवा छेद घेऊन काढलेली असते. ती सार्कोमा (मऊ ऊतींचा कॅन्सर) निघाली तर पुढची शस्त्रक्रिया कितीतरी मोठी करावी लागते. म्हणून माझ्या मते सोनोग्राफीचं पहिलं काम नाव देणं नसून खात्रीच्या आणि बिनखात्रीच्या गाठी वेगळ्या करणं हे आहे.

प्रोब हातात घेण्याआधी दोन मिनिटं बोला. गाठ कधीपासून आहे, गेल्या सहा महिन्यांत वाढली का, रात्री दुखते का, त्याच जागी आधी काही काढलं होतं का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, घरात कुणाला टीबी आहे का, इन्सुलिन किंवा दुसरी इंजेक्शनं कुठे घेतात. 'पूर्वी काढलेली गाठ परत आली' हे एक वाक्य मिळालं तरी ती गाठ तुमच्या खात्रीच्या यादीतून बाहेर पडते. मग खोलीतला दिवा लावून गाठ बघा आणि हाताने चाचपा. पेशंटला एका बोटाने नेमकी जागा दाखवायला सांगा आणि तिथे पेनने खूण करा. बरेच जण झोपल्यावर 'आत्ता लागत नाहीये' म्हणतात. तेव्हा ज्या स्थितीत गाठ दिसते त्याच स्थितीत बसवून किंवा उभं करून तपासा.

प्रोब लिनिअर, हाय फ्रिक्वेन्सीचा, साधारण 7 ते 15 मेगाहर्ट्झचा. बोटांसाठी आणि नखाखाली 18 पर्यंत मिळाला तर उत्तम. जाड मांडी किंवा कुल्ल्यातली खोल गाठ लिनिअरच्या टप्प्यात पूर्ण येत नाही. तिथे पोटाचा कर्व्हिलिनिअर प्रोब घ्या, नाहीतर गाठीचा खालचा काठ न बघताच तुम्ही माप लिहाल. अगदी वरच्या गाठीवर जेलचा भरपूर, चांगला अर्धा सेंटीमीटर थर ठेवा आणि प्रोब त्यावर तरंगता धरा. सगळ्यात जास्त चुका दाबण्यामुळे होतात. जोरात दाबलं की लायपोमा चपटा होतो, व्हेनस मालफॉर्मेशन (शिरांचं जन्मजात जाळं) रिकामं होऊन दिसेनासं होतं आणि डॉप्लरमधला (रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) बारीक प्रवाह बंद पडतो. म्हणून पहिली फेरी हलक्या हाताने, दुसरी मुद्दाम दाबून, आणि दोन्हींतला फरक नोंदवा. दुसऱ्या बाजूचा तोच भाग बघायला अर्धं मिनिट लागतं आणि त्यात अनेक 'गाठी' निकालात निघतात: बाजूला असलेला जादा स्नायू, एका बाजूला जास्त साठलेली चरबी, बायसेप्सचा कंडरा तुटून गोळा झालेला स्नायू.

आता थर. त्वचा, तिच्याखालची चरबी, मग चकचकीत पांढऱ्या रेषेसारखा डीप फॅशिया (स्नायूंवरचं आवरण), त्याखाली स्नायू. गाठ फॅशियाच्या वर आहे, त्याला चिकटली आहे की खाली आहे, हे रिपोर्टमधलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य. संशय असेल तर स्नायू आवळायला सांगा: 'काका, टाच पलंगावर दाबून धरा.' फॅशियाखालची गाठ स्नायूबरोबर घट्ट होते किंवा हलते. वरची तशीच राहते. कपाळावर जपून, कारण तिथले बरेच लायपोमा फ्रंटालिस स्नायूच्या खाली असतात आणि हाताला मात्र वरवरचे वाटतात. सर्जनने वरवरचा समजून हात घातला तर तो अर्ध्यातच अडकतो.

लायपोमाचं चित्र असं: त्वचेखालच्या चरबीत, त्वचेला समांतर लांबट, कडा गुळगुळीत, आजूबाजूच्या चरबीइतकाच किंवा थोडा जास्त पांढरा, आत त्वचेला समांतर बारीक रेघा, दाबला की थोडा दबणारा, डॉप्लरमध्ये प्रवाह नाही किंवा एखादा ठिपका. हे सगळं जुळलं, गाठ 5 सेंटीमीटरच्या आत आहे, वाढत नाही, दुखत नाही, तर 'त्वचेखालचा लायपोमा' लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह लावू नका. एमआरआय केव्हा? गाठ 5 सेंटीमीटरपेक्षा मोठी, फॅशियाच्या खाली, हल्ली वाढलेली, दुखणारी, आतल्या रेघा जाड आणि वेड्यावाकड्या, मध्ये चरबीसारखा न दिसणारा काळपट गोळा, किंवा आत ठळक प्रवाह. यातलं एक जरी असेल तरी पाठवा. मांडीतल्या खोल, मोठ्या चरबीच्या गाठीत साधा लायपोमा आणि अटिपिकल लायपोमॅटस ट्यूमर (चरबीचा कमी आक्रमक कॅन्सर) यांच्यातला फरक सोनोग्राफीवर कळत नाही. कधीकधी एमआरआयवरही कळत नाही, आणि बायॉप्सीच्या तुकड्यावर एमडीएम2 या जीनची तपासणी करावी लागते. दुखतो म्हणून प्रत्येक लायपोमाला घाबरायचं कारण नाही, अँजिओलायपोमा दुखतोच. तो सहसा लहान असतो, हातावर असतो आणि बरेचदा एकापेक्षा जास्त असतात.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे 'सिस्ट' हा शब्द. मिक्सॉइड लायपोसार्कोमा, सायनोव्हियल सार्कोमा, स्नायूतला मिक्सोमा (जेलीसारखी साधी गाठ), नर्व्ह शीथ ट्यूमर (मज्जातंतूच्या आवरणाची गाठ) या सगळ्या गाठी काळ्या दिसू शकतात आणि त्यांच्या मागे पाण्याच्या पिशवीसारखा उजेडही पडतो. मागचा उजेड म्हणजे आत पाणीच आहे, हे गृहीतक सोडून द्या. गेन (चित्राचा उजळपणा) वाढवा, खऱ्या द्रवात ठिपके हलताना दिसतात, घट्ट गाठीत ते जागच्या जागी राहतात. प्रोबने हलके झटके द्या आणि आतला माल घुसळतोय का बघा. मग डॉप्लर. आत एक जरी खरी रक्तवाहिनी दिसली, तर ती गाठ घट्ट आहे असंच धरून चाला. आणि गँगलियन म्हणायचं असेल तर त्याची मान दाखवा. मनगटाच्या पाठीमागचं गँगलियन बहुतेक वेळा स्कॅफोल्युनेट लिगामेंटपाशी उतरतं. तळहाताच्या बाजूचं रेडियल आर्टरीला खेटून असतं, म्हणून तिथलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. गुडघ्यामागे बेकर्स सिस्टची मान मीडियल गॅस्ट्रोक्नेमियस आणि सेमिमेम्ब्रॅनोससचा कंडरा यांच्या मधून गेलेली दिसली पाहिजे. मान दिसत नाही आणि गाठ त्या जागेच्या बाहेर आहे, तर तिला बेकर्स सिस्ट म्हणू नका. गुडघ्यामागची काळी, गोल गाठ तिथल्या धमनीचा फुगा, म्हणजे पॉप्लिटिअल अ‍ॅन्युरिझमही असू शकते. कलर डॉप्लर न लावता तिच्यात सुई घालणं म्हणजे अनर्थ.

सायनोव्हियल सार्कोमाबद्दल एक वेगळं वाक्य लिहितोच. तो तरुणांत होतो, सांध्याजवळ असतो, लहान असतो, आणि कित्येकदा वर्षानुवर्षं फारसा वाढत नाही. 'चार वर्षांपासून तेवढीच आहे' हे ऐकून बिनधास्त होऊ नका, विशेषतः पाऊल आणि घोट्याजवळ. तसंच वरवरची गाठ म्हणजे साधी, हेही खरं नाही. डर्मॅटोफायब्रोसार्कोमा त्वचेतच सुरू होतो आणि चरबीत बोटांसारखे फाटे सोडतो. मिक्सोफायब्रोसार्कोमाची शेपटी फॅशियावरून लांब पसरलेली असते. म्हणून गाठीचं माप घेतल्यावर तिच्या काठापलीकडे दोन-तीन सेंटीमीटर चारही बाजूंना प्रोब फिरवा.

एपिडर्मल सिस्ट ओळखायला सोपी असते. ती त्वचेला चिकटलेली, आत दाट माल, मागे उजेड, आणि वर बारीक काळी नळी गेलेली. नळी दिसली की निदान पक्कं. फुटलेली सिस्ट मात्र फसवते: कडा अनियमित, भोवती सूज, आणि बाहेर भरपूर प्रवाह. तिथे प्रवाह काठावर आहे की आत, हे नीट बघा.

मज्जातंतूची गाठ शोधायची तर लांबट गाठीच्या दोन्ही टोकांना नर्व्ह शिरताना आणि निघताना दिसते का ते बघा. दंडात आणि फोअरआर्ममध्ये मीडियन नर्व्ह आडव्या कटमध्ये मनगटापासून वर न्या. वाटेत ती फुगून गाठ होते आणि पुढे पुन्हा बारीक होते, तर उत्तर मिळालं. दाबल्यावर बोटांत झिणझिण्या येत असतील तर तसं लिहा. अशा गाठीत बेसावधपणे सुई घातली तर पेशंट अक्षरशः किंचाळतो, आणि गँगलियन समजून काढायला गेलं तर नर्व्हच कापली जाते.

बोटावरच्या कंडऱ्याला लागून असलेली घट्ट, काळपट, बऱ्यापैकी प्रवाह असलेली गाठ बहुधा टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर. बोट हलवायला सांगा: कंडरा सरकतो, गाठ जागेवर राहते. नखाखालची काही मिलिमीटरची, थंडीत ठणकणारी आणि कलर डॉप्लरमध्ये पेटलेली गाठ म्हणजे ग्लोमस ट्यूमर.

मुंबईत काम करताना परदेशी पुस्तकांत पाठीमागच्या पानावर असलेले दोन आजार पहिल्या पानावर आणावे लागतात. पहिला टीबी. छातीच्या भिंतीवर, पाठीच्या कण्याशेजारी, मांडीच्या वरच्या भागात न दुखणारी, गरम नसलेली, आत घट्टसर माल असलेली पिशवी दिसली, की बरगडी खाल्ली गेली आहे का, कण्याशी किंवा सोअस स्नायूशी संबंध आहे का, शेजारी गाठाळलेले नोड आहेत का, ते बघा. असा टीबीचा गळू, म्हणजे कोल्ड अ‍ॅब्सेस नुसता चिरून ठेवला तर जखम वाहतच राहते. पू किंवा तुकडा काढला तर सीबीनाट (टीबीची जनुकीय तपासणी) आणि कल्चरसाठी वेगळ्या निर्जंतुक बाटलीत सलाइनमध्ये पाठवा. सगळंच फॉर्मॅलिनमध्ये बुडवलं की जंतू मरतात, कल्चर संपलं. ही चूक रोजची आहे, आणि ती टाळायला फक्त एक जादा बाटली लागते.

दुसरा सिस्टिसर्कोसिस, म्हणजे फीतकृमीच्या अळीची पिशवी. स्नायूमध्ये लहान, लांबट पिशवी, आत एका बाजूला भिंतीला लागून चकचकीत ठिपका, आणि भोवती सूज. हा ठिपका अळीचं डोकं असतो आणि तो दिसला की बायॉप्सीची गरज नसते. भोवती पू जास्त असेल तर डोकं शोधायला वेळ द्या, प्रोब सावकाश तिरका करत बघा. रिपोर्टमध्ये मेंदू आणि डोळे तपासायची सूचना लिहा, कारण ते बघितल्याशिवाय अळी मारणारं औषध सुरू करणं धोक्याचं ठरू शकतं.

काटाही विसरू नका. वर्सोवा, माहीमच्या कोळीवाड्यांतून बोटात माशाचा काटा मोडलेले हात येतात, गावाहून आलेल्यांच्या तळव्यात बाभळीचा. पेशंट घटना विसरलेला असतो. काळपट सुजेच्या मध्ये एक सरळ पांढरी रेघ दिसली तर दोन्ही दिशांनी तिची लांबी आणि त्वचेपासूनची खोली मोजा आणि त्वचेवर खूण करून द्या. लाकडी काटा एक्स-रेत सहसा दिसत नाही.

हिमॅटोमा (साकळलेल्या रक्ताची गाठ) म्हणताना हात आखडता घ्या. लोकलच्या गर्दीत दारावर आपटलो, क्रिकेट खेळताना बॉल लागला, असं कारण प्रत्येकाकडे असतंच. मार लागल्यामुळे आधीपासूनची गाठ फक्त लक्षात येते. मार किरकोळ असेल, वर काळंनिळं झालं नसेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू नसेल, तर संशय ठेवा. हिमॅटोमाच्या आत प्रवाह नसतो, आणि तो सहा ते आठ आठवड्यांत लहान व्हायलाच हवा. तारीख रिपोर्टमध्ये लिहा. 'गरज वाटल्यास पुन्हा तपासणी' असं लिहिलं तर पेशंट परत येत नाही. आत घट्ट भाग दिसला किंवा गाठ वाढली तर थांबू नका, एमआरआय करा. स्नायूला मार लागून त्यात हाड तयार होतं, त्या मायोसायटिस ऑसिफिकन्समध्ये सुरुवातीच्या आठवड्यांतली बायॉप्सी पॅथॉलॉजिस्टलाही चकवते. काठावर पांढरी कडा धरू लागली असेल तर तीन-चार आठवड्यांनी एक्स-रे किंवा सीटी करून बघा. एक्स-रे स्वस्त आहे; खोल गाठीत तो आधीच मागून घ्यावा. हाडाची कड, कॅल्शियम, व्हेनस मालफॉर्मेशनमधले गोल खडे त्यात लगेच कळतात.

डॉप्लर चुकीच्या सेटिंगवर लावला तर न लावलेला बरा. पोटाचं सेटिंग तसंच ठेवून 'प्रवाह नाही' लिहिलेले रिपोर्ट फार दिसतात. पीआरएफ (किती वेगाचा प्रवाह दिसेल ते ठरवणारं सेटिंग) 1 किलोहर्ट्झच्या आसपास किंवा खाली आणा, वॉल फिल्टर (संथ हालचाल गाळणारं सेटिंग) सर्वांत कमी, कलर बॉक्स लहान, आणि गेन ठिपके दिसेपर्यंत वाढवून जरासा मागे घ्या. पॉवर डॉप्लरही लावा. तरीही प्रवाह नसणं म्हणजे साधी गाठ, असं नाही. मिक्सॉइड गाठींमध्ये तो कमी असतो. इलास्टोग्राफीत (कडकपणा मोजणाऱ्या तपासणीत) गाठ मऊ आली म्हणून साधी ठरवणंही चूक. खूप सार्कोमा मऊ असतात.

रिपोर्टमध्ये काय हवं? हाडाच्या एखाद्या ठळक खुणेपासूनचं अंतर, त्वचेपासूनची खोली, तिन्ही मापं, थर, कडा, आतला पोत, दाबल्यावर काय होतं, प्रवाह कुठे, आणि जवळची मुख्य नर्व्ह, आर्टरी किती मिलिमीटरवर आहे. मग निष्कर्ष, आणि तो ठाम की अनिश्चित. अनिश्चित असेल तर पुढचं पाऊल त्याच ओळीत: 'कॉन्ट्रास्ट एमआरआय, त्यानंतर बायॉप्सी, त्याआधी काढू नये.' शेवटचे तीन शब्द मुद्दाम लिहा. एमआरआयला पाठवताना गाठीवर चिकटपट्टीने कॉड लिव्हर ऑइलची कॅप्सूल लावायला सांगा, म्हणजे तिथल्या चित्रात जागा उमटते. आणि क्रम पाळा: आधी एमआरआय, मग सुई. उलट केलं तर सुईमुळे झालेला रक्तस्राव आणि सूज एमआरआयचं चित्र बिघडवतात.

अशा गाठीची बायॉप्सी सर्जनशी बोलल्याशिवाय करू नका, तुमच्याकडे बायॉप्सी गन आणि वेळ दोन्ही असले तरी. सुईचा मार्ग पुढच्या शस्त्रक्रियेत गाठीबरोबर काढून टाकायचा असतो, म्हणून तो त्या सर्जनच्या छेदाच्या रेषेत, हातापायाच्या लांबीच्या दिशेने, एकाच कंपार्टमेंटमधून (स्नायूंच्या कप्प्यातून) आणि नर्व्ह-आर्टरीपासून दूर हवा. 14 किंवा 16 गेजची कोअर सुई, कोअ‍ॅक्सिअल असेल तर उत्तम. लिग्नोकेनची सुईही त्याच वाटेने घाला, वेगळ्या जागेतून नाही. डॉप्लरमध्ये प्रवाह दिसणाऱ्या घट्ट भागातून चार ते सहा तुकडे घ्या. मधला काळा, सडलेला भाग टोचला तर रिपोर्ट 'नेक्रोसिस' येतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. एफएनएसीवर (बारीक सुईने काढलेल्या पेशींच्या तपासणीवर) सार्कोमाचा प्रकार ठरवणं अवघड, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. टीबीचा संशय असेल किंवा पुन्हा आलेला नोड असेल तर एफएनएसीला जागा आहे. परळला टाटा मेमोरियलमध्ये हाडांच्या आणि सॉफ्ट टिश्यूच्या गाठींसाठी स्वतंत्र विभाग आहे. अनिश्चित, खोल, मोठ्या गाठीचा पेशंट सुई लावण्याआधीच अशा ठिकाणी पोहोचला तर सर्वांत चांगलं.

गाठ आधीच कुठेतरी काढून झाली आणि पॅथॉलॉजीत सार्कोमा आला, असे पेशंट तुमच्याकडे व्रणाच्या सोनोग्राफीला येतील. व्रणाखाली द्रव साठलेला दिसेल. तो उपसू नका, सुईने पेशी नव्या थरात जाऊ शकतात. काठावर प्रवाह असलेले घट्ट गोळे, व्रणाची पूर्ण लांबी आणि ड्रेन बाहेर काढलेली जागा मोजून लिहा, कारण पुढच्या शस्त्रक्रियेत ड्रेनची वाटही काढावी लागते. तिथून एमआरआय आणि छातीचा सीटी. आधीच्या पॅथॉलॉजी लॅबमधून स्लाइड्सबरोबर पॅराफिन ब्लॉकही मागून घ्यायला पेशंटला सांगा, कारण नुसत्या स्लाइड्स हातात असतील तर पुढच्या लॅबला नवे स्टेन किंवा एमडीएम2 ची तपासणी लावता येत नाही आणि पेशंटचे पंधरा दिवस हेलपाट्यांत जातात.